सात आठवड्यांचं बाळ, संध्याकाळचं रडणं आणि हे रोल-ऑन तेल: लावू का?

लेक ७ आठवड्यांची आहे. दिवसभर शहाण्यासारखी असते, पण संध्याकाळी ७ वाजले की जे सुरू होतं ते १० पर्यंत. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, लालबुंद होते. अंगावरच पिते, वजन छान वाढतंय, ताप-उलटी काही नाही. डॉक्टर तपासून म्हणाले, कॉलिक आहे, साधारण सहाव्या आठवड्यात जास्त असतं, ३-४ महिन्यांत आपोआप थांबेल. पटलं. पण रात्री ९ वाजता कसलं पटतंय!

आई हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी स्वतःच्या गालाला लावून बघते, मग शेकते. तिथवर माझी हरकत नाही. बाळगुटीवरून मात्र वाजलंय, सहाण अजून माळ्यावरच आहे.

आता नणंदेने पोटाला लावायचं रोल-ऑन पाठवलंय. बाटलीवर 'नैसर्गिक', खाली बारीक अक्षरांत तिळाचं तेल, बडीशेप, ओवा, पुदिना, निलगिरी. कशाचं प्रमाण किती, पत्ता नाही. झाकण उघडलं तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणते, "बेंबीत दोन थेंब घाल, बघ कशी झोपते." लावू का? कोणी वापरलंय का?

प्रतिसाद
नको लावूस. पुदिन्याच्या तेलातल्या मेन्थॉलने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर फिट येऊ शकते, आणि पोटावरचं बोटाला, बोटावरचं तोंडात जायला कितीसा वेळ? कापराचंही तेच. बाळंतिणीने जेवणावर शोपा खाणं वेगळं, शोपेचं काढलेलं अर्कतेल वेगळं.

साधं खोबरेल घे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पोट चोळ, गुडघे पोटाशी दुमडून सायकल चालवल्यासारखे हलव. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढ. आमच्याकडे अंधाऱ्या खोलीत खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, एवढंच चाललं. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप किंवा दूध घेईनाशी झाली, तर मात्र रात्र असो की दिवस, डॉक्टर. गुटीचं तुझं बरोबर आहे, ६ महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध.

मूळ लेखिका
बाटली कपाटात वर ठेवली. आता रविवारी नणंद येतेय, आल्याआल्या विचारेल. तिला काय सांगू?

प्रतिसाद
तुझ्या गुडघ्यांना लावतेस म्हणून सांग :)