"देव बोलला आणि जग झालं": हा शब्द निर्मात्याच्या बाजूचा की निर्मितीतला पहिला?

निर्मळकर
"ख्रिस्ती लोकांचा देव 'प्रकाश होवो' असा मंत्र टाकतो आणि प्रकाश होतो." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच मोकळा होतो. काहीजण ते टिंगलीने म्हणतात, काहीजण कौतुकाने: "आमच्याकडेही ओंकार आहेच की." माझ्या मते दोघांचाही नेम चुकतो.

मंत्राचं बळ मंत्रात असतं. बरोबर उच्चारला की फळतो, उच्चारणारा कुणीही असो. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याच्या पहिल्या अध्यायात याच्या नेमकं उलट आहे. 'प्रकाश होवो' या शब्दांत काहीच जादू नाही. लोडशेडिंगमध्ये म्हणून बघा. बळ आहे ते बोलणाऱ्याचं. शेजारी बाबिलोनची कथा ठेवा. मार्दुक तियामत नावाच्या सागरदेवतेला मारतो, तिचं कलेवर दुभंगतो आणि अर्ध्याचं आकाश करतो. जग म्हणजे लढाईनंतर उरलेला ऐवज. उत्पत्तीत लढाई नाही, प्रेत नाही, देवाच्या अंगातून काही झरतही नाही. तो बोलतो, म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं आणि तो ते मुद्दाम करतो. जग नसतं तरी देवाचं काही अडलं नसतं. तरी ते आहे, कारण ते असावं अशी कुणाची तरी इच्छा होती.

नव्या करारातला योहान येशूविषयीचं आपलं शुभवर्तमान तिथूनच सुरू करतो: "प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता." चौदाव्या वचनात तर तो शब्द देह धारण करतो, म्हणजे येशू होतो. इथे खरा प्रश्न येतो. निर्माता आणि निर्मिती यांच्यामधल्या रेषेच्या कोणत्या बाजूला हा शब्द उभा आहे? माझं मत सरळ आहे: तो निर्मात्याच्या बाजूला नसेल तर 'देव बोलला' याला अर्थच उरत नाही. देवाने कुणाकडून तरी काम करवून घेतलं, इतकंच उरतं.

हाणा आता.

तर्कटपंथी
आवाजाला हवा लागते. पहिल्या दिवशी हवा कुठून आणली?

निर्मळकर
हाच प्रश्न ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने सुमारे इ.स. 400 मध्ये स्वतःच स्वतःला विचारून ठेवलाय, आणि तुमच्यापेक्षा जास्त छळलंय त्यावरून. खरोखर आवाज असेल तर एक अक्षर विरल्यावर दुसरं येणार, म्हणजे काळ हवा. आवाज वाहून नेणारी एखादी निर्मिलेली वस्तूही हवी. मग ती वस्तू कुठल्या शब्दाने झाली? त्याचं उत्तर असं की निर्मिती करणारा शब्द सुरू होत नाही आणि संपत नाही. तो काळात उच्चारलेला नाही, काळच त्याच्याद्वारे झाला.

तर्कटपंथी
आवाज नाही, अक्षर नाही, आधी-नंतर नाही, तरी म्हणायचं शब्दच. विधान अडचणीत आलं की त्यातला नेहमीचा अर्थ काढून घ्यायचा आणि रिकामी पिशवी पुढे करायची. शिवाय यात तुमचं एकट्याचं काय आहे? प्राचीन इजिप्तमधल्या मेम्फिसचा प्ताह हा देव हृदयात योजतो आणि जिभेने आज्ञा देतो, त्यातून सगळं होतं. इ.स.पू. 700 च्या आसपास शबाका राजाने ते दगडावर कोरून घेतलं. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

निर्मळकर
एकट्याचं आहे असं मी म्हटलेलंच नाही. प्ताहच्या हृदयातून आणि जिभेतून आधी इतर देव निघतात. उत्पत्तीत सूर्य-चंद्रसुद्धा देव नाहीत. त्यांची नावंही घेतलेली नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हटलंय.

हिब्रूची विद्यार्थिनी
मला मंत्रापेक्षा योहानची अडचण वाटते. तुम्ही उत्पत्ती वाचत नाही, योहानच्या चष्म्यातून मागे वळून पाहता.

पहिल्या अध्यायात "देव बोलला" दहा वेळा येतं. ते राजाचं फर्मान आहे, शेजारी उभी असलेली दुसरी व्यक्ती नव्हे. आणि सगळं नुसत्या बोलण्याने होतही नाही. अंतराळ होवो म्हणतो, मग पुढच्याच वचनात "देवाने अंतराळ केले". ज्योती होवोत म्हणतो, मग "केल्या". वनपशूंच्या वेळीही तेच. वनस्पतींच्या वेळी तर भूमीलाच सांगतो की तू उगव. बोलल्याबरोबर बाकी काहीही न करता झाला तो प्रकाश. अभ्यासक त्यामुळेच या अध्यायात बोलण्याचा एक आणि करण्याचा एक असे दोन पदर मानतात. दुसऱ्या अध्यायात गेलात की शब्दाचा पत्ताच नाही: माती घेतो, माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो. देव तिथे कुंभार आहे, वक्ता नाही.

बायबलमधल्या स्तोत्र 33 मध्ये "परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण झाले" आहे, हे माहीत आहे. पण ते काव्य आहे. त्याच ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात "त्याच्या मुखश्वासाने" आहे. आता श्वासालाही वेगळी व्यक्ती करणार का?

निर्मळकर
केलीच की! दुसऱ्या शतकात ल्योंचे बिशप इरेनियस शब्द आणि आत्मा यांना देवाचे दोन हात म्हणतात. तुमचा कुंभार त्यात छान बसतो. हात म्हणजे देवाने ठेवलेले मजूर नव्हेत, हा त्यातला मुद्दा. ज्ञानवादी पंथ त्या काळात सांगत होते की हे मळकट जग परमदेवाने केलेलंच नाही, खालच्या कुणा अडाणी शक्तीने केलं. इरेनियस म्हणतात, नाही, त्यानेच केलं, स्वतःच्या हातांनी.

आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं 26 वं वचन विसरू नका: "आपण मनुष्य करू." कुणाशी बोलतोय?

हिब्रूची विद्यार्थिनी
स्वर्गीय दरबाराशी. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी हेच सांगतो: देवाने दूतांना विचारात घेतलं, थोरांनी धाकट्यांना विचारावं हे शिकवायला. ज्यू घरात हे वचन शतकानुशतकं वाचलं गेलं, तिथे कुणाला त्यात दुसरी दैवी व्यक्ती दिसली नाही.

शब्दवेडा
इतका वाद कशाला? व्याकरणकार भर्तृहरीने पाचव्या शतकात सांगून ठेवलंय: अनादिनिधनं ब्रह्म शब्दतत्त्वं यदक्षरम्. शब्द हेच ब्रह्म. योहान आणि भर्तृहरी एकाच ठिकाणी पोचले.

नगरचा पाळकपुत्र
नाही हो पोचले. तोच श्लोक पुढे वाचा: विवर्ततेऽर्थभावेन. शब्दतत्त्वच अर्थरूपाने, जगरूपाने भासतं. म्हणजे जग शब्दापासून खरोखर वेगळं नाहीच. ख्रिस्ती सिद्धांतात जग हे शब्दाचं रूपांतर नाही, भास नाही, अंश नाही. ते शून्यातून झालं. काशीत वाढलेले आणि 1848 मध्ये ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांचा हिंदू दर्शनांशी मुख्य झगडा याच जागेवर होता. त्यांना दोन्हीकडचं पाठ होतं, त्यामुळे "शेवटी सगळं एकच" म्हणण्याची सोय त्यांना नव्हती.

शब्दवेडा
'शून्यातून' हे तरी पहिल्या अध्यायात कुठे आहे? तिथे आधीच पाणी आहे, अंधार आहे, जलाशय आहे.

नगरचा पाळकपुत्र
प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरसारखा ख्रिस्ती लेखकही निराकार द्रव्यातून जग घडवल्याचं मानत होता. त्याच शतकात अंत्युखियाच्या थियोफिलसने शून्यातून निर्मिती ठामपणे मांडली आणि पुढे चर्चने तीच धरली. म्हणजे मंडळीला हे वादातून कळत गेलं.

पण माझी तक्रार धागाकर्त्याबद्दल आहे. तुम्ही सगळे पहिल्या दिवसावरच अडकलात. नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्रात पुत्र, म्हणजे येशू, आपल्या सामर्थ्याच्या शब्दाने सगळं सांभाळून आहे, आणि कलस्सैकरांस पत्रात सगळं त्याच्यात टिकून आहे. शब्द एकदा बोलून गप्प बसलेला नाही. आत्ता हे वाचताना तुम्ही अस्तित्वात आहात, तेही त्यानेच. हे सोडून दिलंत तर उरतो तो घड्याळाला किल्ली देऊन निघून गेलेला देव.

बोरीबंदरचा
एरियसची बाजू कुणीच घेत नाही, म्हणून मी घेतो. अलेक्झांड्रियाचा हा धर्मगुरू पुस्तकांत खलनायक झालाय. त्याचा गुन्हा काय? देव एकच आणि तो अजन्मा. मग पुत्र, म्हणजे शब्द, जन्मलेला असेल तर तो नसण्याची एक अवस्था असणार. तो पहिला आणि सर्वश्रेष्ठ, त्याच्याद्वारे बाकीचं झालं, पण आहे निर्मितीच. बायबलमधल्या नीतिसूत्रे 8:22 मध्ये ज्ञान स्वतः म्हणतं की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला निर्माण केलं. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे येशूचंच वाक्य, आणि तेही योहानमध्येच. उलट 325 मध्ये निकेयाच्या धर्मसभेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवताना जो शब्द वापरला, तो अख्ख्या बायबलमध्ये नाही. सभा बोलावली सम्राट कॉन्स्टंटाइनने. मजा म्हणजे 337 मध्ये मरणशय्येवर त्याला बाप्तिस्मा दिला तो एरियसच्या गोटातल्या निकोमेडियाच्या युसेबियसने.

निर्मळकर
वा, याचीच वाट पाहत होतो. नीतिसूत्रांचं वचन एरियसचा मोठा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यालाही झोंबत होतं हे मान्य. त्याने ते येशूच्या मानवी देहाला लावलं, आणि ते मलाही ओढूनताणून वाटतं. पण त्याचा दुसरा मुद्दा कुणाला तोडता आला तर तोडा.

एरियसचा पक्ष म्हणत होता की देव इतका थोर, की त्याच्या हाताचा थेट स्पर्श निर्मितीला सोसवला नसता, म्हणून मध्ये शब्द निर्माण केला. अथनेशियस विचारतो: शब्दही निर्मितीच ना? मग त्याला तो स्पर्श कसा सोसवला? नसेल सोसवला तर त्याच्याही आधी एक मध्यस्थ हवा, त्याच्याआधी आणखी एक, आणि शेवट नाही. सोसवला असेल तर बाकीच्यांनाही सोसवला असता, मध्यस्थाची गरजच नव्हती. म्हणजे अर्धा देव, अर्धी निर्मिती असा प्राणी मध्ये बसवून काही सुटत नाही. रेषेला दोनच बाजू आहेत. या मतापायी माणूस पाच वेळा हद्दपार झाला.

बोरीबंदरचा
युक्तिवाद झकास, पण तुमच्यावरच उलटतो. मध्यस्थ नकोच असेल तर "देवाने केलं" एवढं पुरे. शब्दाला वेगळी व्यक्ती कशाला ठेवता?

निर्मळकर
कारण योहान "देवासह होता" असंही म्हणतो. शब्द म्हणजे नुसता देवाचा एक गुण असता तर 'सह' कोण असतं? आणि कधीतरी शब्द नव्हता असं धरलं तर देव एके काळी मुका होता, असं होतं. बोलणं हे देवाने नंतर कमावलेलं कसब नव्हे. जग नव्हतं तेव्हाही तो एकाकी नव्हता, त्यामुळे जग त्याने एकटेपणाला कंटाळून केलं नाही. माझ्या पहिल्या पोस्टमधलं "अडलं नसतं" इथे जोडून पाहा.

गप्पिष्ट
आडवाटेला जातो. कुराणातही 'हो' म्हटलं की होतं, आणि येशूला देवाचा शब्द म्हटलंय (4:171), पण देव म्हटलेलं नाही. गंमत पुढे आहे. 833 मध्ये खलिफा मामूनने काझी-विद्वानांची परीक्षाच लावली: कुराण, म्हणजे देवाची वाणी, निर्मिलेली आहे असं कबूल करा. अहमद इब्न हनबलने नकार दिला आणि तुरुंगात गेला. निकेयानंतर पाचशे वर्षांनी, दुसऱ्याच धर्मात, वाद तोच. तिथेही सत्तेने नाक खुपसलं, आणि टिकलं शेवटी सत्तेच्या विरोधातलं मत.

तर्कटपंथी
दोन धर्मांत एकच वाद झाला म्हणजे प्रश्न खरा आहे असं नव्हे. माणसं सगळीकडे सारखीच अडकतात इतकंच सिद्ध झालं.

हिब्रूची विद्यार्थिनी
परत माझ्या मुद्द्यावर येते. ख्रिस्ती माणसाने योहानकडून उत्पत्ती वाचावी, माझी हरकत नाही. फक्त "योहान असं वाचतो" म्हणा, "उत्पत्ती असं म्हणते" म्हणू नका.

निर्मळकर
हे नाही मान्य. ग्रंथाचा अर्थ पहिल्या लेखकापाशीच गोठतो असं धरलं, तर तुमचा राशीही बाद होतो. तोही हजारहून जास्त वर्षांनी आलाय.

हिब्रूची विद्यार्थिनी
चालेल, मग दोघेही नंतरचेच वाचक. पण देव दूतांशी बोलत होता की शब्दाशी, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आणि तुमचं खरं असेल तर 27 व्या वचनात "देवाने मनुष्य निर्माण केला" इथे हिब्रूत क्रियापद एकवचनी का, तेवढं सांगा. राशीनेही नेमकं त्यावरच बोट ठेवलंय.

निर्मळकर
एकवचनी आहे कारण देव एकच आहे. निकेयाने तरी वेगळं काय सांगितलं?