'द क्रूसिबल' शिकवताना सेलम कुठे गायब होतं?

जर्सीची_काकू
निवांत_वाचक यांनी काल लिहिलं की आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' (१९५३) वरवर १६९२ मधल्या अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटकीण-खटल्यांचं, पण खरं तर कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या मॅकार्थीवरचं नाटक, चेटकिणी नावापुरत्या, मुलांचा वेळ सेलममध्ये घालवू नये. वाचल्यापासून डोक्यात भुणभुण चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

लेक अकरावीत आहे. तिच्या वर्गात बाईंनी तक्ता करून घेतला: डावीकडे १६९२, उजवीकडे १९५३, मध्ये बाण. मी विचारलं, नाटकाचा नायक प्रॉक्टर शेवटी चेटूक केल्याचा कबुलीजबाब का फाडतो गं? तर म्हणे, "कारण तो कम्युनिस्ट नव्हता." आता हसू की रडू?

सेलममध्ये गुन्हा कबूल केला की जीव वाचत होता, नाकारला की फास. १९ जण फासावर गेले. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग शब्द फिरवला, आणि तोही गेला. हा उफराटा न्याय पोरांना सांगितलाच नाही, तर चौथा अंक त्यांच्या डोक्यात शिरणार कसा?

निवांत_वाचक
एका मुलीच्या उत्तरावरून अख्खी पद्धत निकालात काढलीत की! एप्रिल १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझानने कम्युनिस्ट शोधणाऱ्या समितीपुढे मित्रांची नावं दिली. मिलरलाही १९५६ मध्ये बोलावलं, त्याने नावं द्यायला नकार दिला, १९५७ मध्ये दोषी ठरला, १९५८ मध्ये सुटला. नाटकातला न्यायाधीश डॅनफर्थ प्रॉक्टरकडे दुसरं काय मागतो? नावंच ना? हे न सांगता शिकवा मग तुमचा चौथा अंक.

जर्सीची_काकू
मिलरला बोलावणारी समिती प्रतिनिधिगृहाची. मॅकार्थी सिनेटर. तो त्या समितीत नव्हताच! तक्ता काढणाऱ्यांनी उजवी बाजू तरी नीट भरावी.

निवांत_वाचक
बरोबर आहे हो. पण लोक त्या काळालाच मॅकार्थीचा काळ म्हणतात. शब्दांत पकडायचं तर पकडा.

स्पष्टवक्ती
तुमचं १६९२ की १९५३ चालू द्या. मला चेटकाचे आरोप करणाऱ्या अबिगेलबद्दल बोलायचंय. खरी अबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची, खरा प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला १७ ची केलं, त्याला पस्तिशीत आणलं आणि मध्ये लफडं घातलं. त्या दोघांची आधी ओळख होती याचाही पुरावा नाही. प्रॉक्टरांकडे कामाला होती ती मेरी वॉरन. म्हणजे नाटकात घरकामाच्या अबिगेलला मालकाने नादी लावलं, बायकोने तिला हाकललं, आणि खलनायिका कोण? तीच पोरगी!

आमच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'अबिगेल = वासना'. मागचे बाक खिदळत होते. प्रॉक्टरसमोर काय लिहिलं? 'शोकात्म नायक'. परीक्षेत मीही तेच लिहिलं, मार्कही पडले. राग अजून गेलेला नाही.

नाट्यवेडा_साताऱ्याचा
ताई, नाटक आहे ते, गॅझेटियर नव्हे. अबिगेलचं वय वाढवल्याचं मिलरनेच छापील नाटकाच्या सुरुवातीला सांगितलंय. आणि लफडं हवेतून आलेलं नाही. कोर्टाच्या नोंदीत आहे की अबिगेलने प्रॉक्टरच्या बायकोवर, एलिझाबेथवर, मूठ उगारली, पण जवळ जाता जाता मूठ उघडली आणि बोटं तिच्या टोपडीला अलगद लागली. मिलरला तिथे काहीतरी दिसलं.

तिसरा अंक आठवा. प्रॉक्टर कोर्टात लफडं कबूल करून सांगून बसलाय की माझी बायको खोटं बोलत नाही, तिला विचारा. तिला आत आणतात. आधी अबिगेलला पाठ करून उभं केलंय, मग प्रॉक्टरलाही. एलिझाबेथ नवऱ्याचा चेहरा शोधते, दिसते फक्त पाठ. आणि त्याची अब्रू राखायला लफडं नव्हतंच असं ती खोटं बोलते. त्याच खोट्याने तो अडकतो. आम्ही स्पर्धेला हा प्रवेश केला होता, सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. लफडं काढून टाका आणि बसवून दाखवा असा प्रवेश.

स्पष्टवक्ती
मूठ उघडली म्हणून लफडं? ११-१२ वर्षांच्या पोरीची? वा! पुराव्याचा हा दर्जा तर सेलमच्या कोर्टालाही शोभला असता. तिथे आरोपीचं भूत स्वप्नात येऊन चिमटे काढतं, एवढ्यावर माणसं लटकवली.

नाट्यवेडा_साताऱ्याचा
मला सेलमचा न्यायाधीश हॅथॉर्न करून टाकलंत! धन्यवाद. तुम्हाला नाटक बघायचंच नसेल तर राहिलं.

स्पष्टवक्ती
बघितलंय. तुमच्यापेक्षा जास्त डोळे उघडे ठेवून.

खडूस_मास्तर
आवाज कमी करा दोघांनी. नाटकात म्हातारा शेतकरी जाइल्स कोरी ओरडून सांगतो की गावातल्या श्रीमंत पटनमचा डोळा शेजाऱ्यांच्या जमिनीवर आहे. ती ओळ कोणत्याच गाइडात ठळक नसते, कारण तिच्यावर प्रश्न येत नाही. येतो तो 'प्रॉक्टरचे स्वभावचित्र रेखाटा', १० गुण. आयुष्यभर तेच तपासत आलो.

सातपुड्यातल्या पोरांना वर्गात हे नाटक सांगितलं होतं. मॅकार्थी कोण, कुणी विचारलं नाही. बाईला डाकीण ठरवलं की आधी तिच्या शेताचं काय होतं, हे ती पोरंच मला सांगत होती. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर.

निवांत_वाचक
सातपुड्यात मॅकार्थी लागत नाही, मान्य. काकूंनी पेढे वाटावेत. पण अमेरिकेतल्या मुलांना स्वतःच्या देशाचं १९५३ नको?

जर्सीची_काकू
हवं ना, पण १६९२ सुद्धा त्यांच्याच देशाचं आहे. चार वर्षांची डोरोथी गुड चेटकीण म्हणून बेड्यांत होती, हे लेकीला मी सांगितलं, बाईंनी नाही. पेढे तुम्हीच पाठवा.

स्पष्टवक्ती
आणि सेलमच्या पाद्र्याकडची गुलाम टिट्युबा? कोर्टाच्या कागदांत ती 'इंडियन', म्हणजे मूळनिवासी आहे, मिलरने तिला निग्रो गुलाम केलं. यावर गॅझेटियरवाले काही बोलणार का?

नाट्यवेडा_साताऱ्याचा
बोलतो. आधी जेवून येतो.