बाबांना स्पिटफायरमध्ये बसवू का? आगीची भीती वाटतेय

केंटची_लेक:
बाबा ऑगस्टमध्ये इकडे इंग्लंडला येतायत, सत्तरी आहे त्यांची आणि दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, स्पिटफायरचं, वेड लहानपणापासूनचं. इथे दोन सीटवाल्या स्पिटफायरमधून पैसे भरून फेरी मारता येते, बुकिंगच करायला बसले होते आणि नेमकं २०१९ ला अमेरिकेत कनेक्टिकटला पडलेल्या बी-१७ बद्दल (महायुद्धातलं जुनं बॉम्बर, लोकांना फेरीला नेत होतं) वाचलं, १३ पैकी ७ जण गेले, विमान जळून खाक. आता हातच धजत नाहीये. ही जुनी विमानं पटकन पेटतात का हो?

डाकोटा_फिटर:
पोरी, बरं झालं आधी विचारलंस. मी एअरफोर्सात पिस्टन इंजिनांवर होतो. स्टार्टला बॅकफायर झालं की कार्ब्युरेटरमध्ये जाळ होतो, तेव्हा घाबरून स्टार्टर सोडायचा नाही, फ्युएल बंद करून इंजिन फिरवतच राहायचं म्हणजे जाळ आत ओढला जातो, आणि बाजूला एक जण एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असतोच. रोज सकाळी इंजिनाखालचा डाग बोटावर घेऊन वास घ्यायचो, ऑइल असेल तर ठीक, पेट्रोलचा वास आला की विमान जागेवरच. स्पिटफायरची मुख्य पेट्रोलची टाकी कॉकपिटच्या अगदी पुढ्यात, मूळ मॉडेलात वरची-खालची मिळून ८५ गॅलन, युद्धात पायलट भाजायचे ते त्यामुळेच. म्हणून पाइप, जॉइंट कोण तपासतं ते आधी विचार.

मॅग्नेटो:
काकांना प्लस वन. कनेक्टिकटला हवेत आग लागलीच नव्हती. इंजिनं नीट चालेनात म्हणून परत फिरले, चाकं लवकर खाली घेतली त्यामुळे वेग आणि उंची गेली, रनवेच्या अलीकडेच आदळले आणि मग पेटलं. चौकशीत मॅग्नेटो (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) आणि स्पार्क प्लगचा मेंटेनन्स धड नव्हता हे निघालं. उलट २०११ ला इलिनॉयमध्ये दुसऱ्या बी-१७ चा पंख खरंच हवेत पेटला, पायलटने लगेच शेतात उतरवलं, विमान जळालं पण सातही जण बाहेर पडले. जुनं आहे म्हणून नाही, हयगय झाली की माणसं जातात.

शोरहॅमजवळचा:
ताई, इथे सीएएच्या (ब्रिटनची नागरी विमान वाहतूक संस्था) नियमाने ऑपरेटरला धोका आधी सांगून तुमची सही घ्यावी लागते. तो कागद घाईत सही करू नका, बाबांसोबत बसून वाचा. पॅराशूट कसं वापरायचं ते बाबांकडून दोनदा करून घ्या, गुडघे दुखत असतील तर कॉकपिटमधून पटकन बाहेर पडता येईल का ते जमिनीवरच बघा. कपडे सुतीच, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

केंटची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. काका, टाकीचं बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "माहितीये गं, वरची ४८ आणि खालची ३७." शनिवारी हँगरवर जाऊन मेकॅनिकला भेटते, मगच पैसे भरेन.