अडकित्त्यासाठी चामड्याचं घर करायचंय, कातडं आकार धरत नाही

मधुमालती:
पुढच्या महिन्यात मामाची साठीशांत आहे. आजोबांचा लोखंडी अडकित्ता त्याच्याकडे आला आणि गेली वीस वर्षं तो पंचाच्या तुकड्यात गुंडाळून खिशात ठेवतो. त्या अडकित्त्याच्या आकाराचं, घट्ट बसणारं चामड्याचं घर मला स्वतःच्या हाताने करून द्यायचंय. पर्ससाठी मिळतं ते मऊ कातडं आणलं, रात्रभर भिजवलं, अडकित्त्यावर दाबून दोरीने आवळलं. सकाळी सोडलं तर पुन्हा सपाट! अडकित्ता दोन आठवड्यांपुरता मामीने गुपचूप दिलाय. काय चुकतंय? पुण्यात राहते.

रापी_आरी:
कातडंच चुकलंय. पर्सचं मऊ कातडं बहुतेक वेळा क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं, ते भिजवलं तरी आकार धरत नाही. तुम्हाला सालीवर कमावलेलं हवं, दुकानात ‘वेज टॅन’ म्हणून मागा. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. पण चपलेच्या तळाचं घेऊ नका, फार जाड असतं. २ मिमी पुरे. घेताना कापलेली कड बघा: क्रोमची बहुधा आतून निळसर-करडी दिसते, सालीवरच्याची बदामी. पुण्यात नाही मिळालं तर धारावीत नक्की मिळेल.

आणि रात्रभर भिजवू नका. कोमट पाण्यात बुडबुडे यायचे थांबले की काढा, आणि वरचा रंग थोडा उजळायला लागला की साच्यावर घ्या.

हिरडा:
थांबा, एक महत्त्वाचं. ओलं वेज टॅन कातडं लोखंडावर चढवू नका. हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी काळी शाई करायचे, इथेही कातड्यातला सालीचा अर्क आणि लोखंड मिळून तेच होतं. मी एका सुरीसाठी म्यान करताना सुरीवरच कातडं बसवलं होतं. सकाळी पात्याच्या रेषेत निळा-काळा डाग, तो शेवटपर्यंत गेला नाही.

त्यापेक्षा लाकडी ठोकळा करा. अडकित्ता मिटून कागदावर रेघ काढा, दोन दांड्यांमधली फट धरायची नाही, एकच भरीव आकार. अडकित्त्याच्या जाडीचं लाकूड कापून वरच्या कडा कानशीने गोल करा. मग १८ मिमी प्लायमध्ये तोच आकार चहूबाजूंनी अडीच मिमी मोठा कापा. ठोकळ्यावर कातडं, त्यावर ही चौकट, चार शिकंजे आवळायचे. सावलीत पूर्ण एक दिवस. हेअर ड्रायर लावू नका, कातडं कडक होऊन तडकतं.

मधुमालती:
बाप रे, डागाचं लक्षातच आलं नसतं. मग रोज आत लोखंड राहिल्यावर काय?

हिरडा:
कोरड्या कातड्यात फारसं काही होत नाही. पावसाळ्यात मात्र दिवसेंदिवस आत ठेवू नये, मामांना सांगा. आतून मधमाश्यांचं मेण कोमट करून पातळ चोळा. बूट पॉलिश किंवा रंग आत अजिबात नको, त्याच पात्याने सुपारी कापतात.

रापी_आरी:
शिवणीचं: पुढचा भाग साच्यातला, मागचा सपाट. भोवती एक सेंटिमीटर कड सोडा. दर ४ मिमीला आरीने भोक, एकाच मेणाच्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्या, मधे संपला की फार जीव जातो. दांड्यांची टोकं वर येतील असं तोंड ठेवा, म्हणजे चिमटीत धरून ओढता येईल.

आधी उरलेल्या तुकड्यावर दहा टाके घालून बघा. ताण दोन्ही हातांना सारखा यायला लागला की मगच खऱ्या कामाला हात लावा.

मधुमालती:
उद्या प्लाय कापून आणते. ठोकळा झाला की अडकित्ता मामीला परत, मामाने शोधायच्या आत. शिवून झालं की फोटो टाकते.