मित्रांसोबत फास्टपॅकिंग: पुढच्याने थांबायचं की मागच्याने गाठायचं?

चोर्लेवाट:
दिवाळीनंतर आम्ही पाच जण नेपाळात अन्नपूर्णा परिक्रमेला निघतोय. बेसीसहरहून चालायला सुरुवात, मनांग, थोरांग ला खिंड (५,४१६ मीटर) आणि पलीकडे मुक्तिनाथ. वाटेत गावोगावी चहाघरं आहेत, तिथे राहायला-जेवायला मिळतं, म्हणून तंबू-स्टोव्ह नको. पाठीवर पाच-सहा किलो, चढ झपाझप चालायचा, सपाटीवर आणि उतारावर पळायचं, यालाच फास्टपॅकिंग म्हणतात. सात दिवसांत मुक्तिनाथ.

वाद पेटला तो मागच्या रविवारी. पहाटे सरावाला गोव्यातला चोर्ला घाट चढलो. आम्ही दोघे वर पोचलो आणि बाकीच्यांसाठी चाळीस मिनिटं उभे राहिलो. घामाने भिजलेला शर्ट वाऱ्यात गार पडला, पोटऱ्या आखडल्या, नंतर उतरताना माझा गुडघा धरला. थांबणाऱ्याचेही हाल होतात, हे मागून येणाऱ्याला कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वाट ठळक असेल तर प्रत्येकाने आपल्या चालीने चालावं आणि संध्याकाळी ठरलेल्या गावी भेटावं. ओढूनताणून एकत्र चालल्याने मैत्री टिकत नाही, उलट आंबते. तुमचं काय मत?

सांगेकर:
मला हे अजिबात पटत नाही.

वजन कमी कसं होतं ते आधी बघा. प्रत्येकाकडे सगळं असलं तर सॅक पाच किलोची होणारच नाही. पाणी गाळायचा फिल्टर एकाकडे, औषधांची पिशवी दुसऱ्याकडे, पॉवर बँक तिसऱ्याकडे, असं वाटून घेतो म्हणून ती हलकी होते. मग पाच जण पाच ठिकाणी चालत असतील तर फिल्टर कोणाच्या कामाचा?

हे मी स्वतः भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे सह्याद्रीत दोन दिवसांच्या पायपिटीला गेलो होतो. मी सगळ्यांत चपळ, म्हणून पुढे. मीठ-साखरेच्या पुड्या आणि फिल्टर माझ्याच सॅकमध्ये. दीड तास वाट बघून परत फिरलो तर मित्र कातळावर आडवा, दोन्ही मांड्यांत गोळे आलेले, ओठ पांढरे. हाताच्या अंतरावर ओहोळ वाहत होता, पण वर गुरं चरताना दिसत होती म्हणून त्याने ते पाणी तोंडाला लावलं नव्हतं. त्याच्या बायकोला फोन करताना मला शब्द सुचत नव्हते. त्या दिवसापासून माझ्यापुरता नियम ठरला: हाक ऐकू जाईल एवढंच अंतर.

फोंड्याची ताई:
सांगेकरदादा, तुमचा अनुभव ऐकून काळजात धस्स झालं, पण वेगाला दोष देऊ नका.

मी शाळेत शिकवते. नरकासुर जाळला की दुसऱ्या दिवसापासून माझी सुट्टी मोजायची. पाडवा, भाऊबीज, सासूबाईंचं औषधपाणी, दोन मुलं, हे सगळं सांभाळून मला नऊ-दहा दिवस मिळतात, त्यात गोव्याहून काठमांडूला जाण्यायेण्याचेच तीन गेले. सावकाश चाला म्हणणाऱ्यांकडे सुट्टी असते. आमच्यासारख्यांना एक तर जलद जायचं, नाही तर फोटो बघत बसायचं. आणि पहाटे उठून जिने चढून, घाट चढून जे पाय मी तयार केलेत, ते दुसऱ्या कोणासाठी रोज बांधून का ठेवू? त्या पळण्यातला आनंद मला हवा आहे. संध्याकाळी सगळ्यांनी एका ताटाभोवती बसून दालभात खायचा, मैत्रीला तेवढं पुरतं.

सत्तरीचो भुरगो:
ताई, पूर्ण सहमत. आणि चांगल्या चालणाऱ्याला मागे रोखून धरलं की तोही थकतो. आपली लय मोडली की दुप्पट दमायला होतं.

उंचावरून परतलेला:
तुम्ही सगळे पायांबद्दल बोलताय. मला डोक्याबद्दल बोलायचं आहे.

आपण समुद्राकाठची माणसं. गोव्यातला सगळ्यांत उंच डोंगर हजार मीटरच्या थोडाच वर जातो. चोर्ल्याने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. चोर्लेवाट, तुमच्या सात दिवसांत मनांगला (३,५४०) मुक्काम करून दुसऱ्याच रात्री खिंडीच्या पायथ्याशी थोरांग फेदीला (सुमारे ४,४५०) झोपणं येतं. एका उडीत ९०० मीटर! दमसास कितीही असो, तो यातून वाचवत नाही. उलट धडधाकट माणूसच जास्त भराभर वर जातो आणि अडकतो.

मनांगच्या वरच्या मुक्कामी आमचा सगळ्यांत वेगवान मित्र आमच्याआधी दोन तास पोचला होता. आम्ही गेलो तेव्हा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. लसणाचं सूप समोर थिजलेलं. नाडीचा फास करायचा, सुटायचा, परत करायचा. विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही, जरा डोकं दुखतंय.’ एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मेंदूला सूज येण्याची ती खूण. अंधार पडत होता तरी त्याला धरून खाली उतरवला. त्या दोन तासांत त्याच्याजवळ ओळखीचं कोणी नव्हतं. चहाघरवाल्याला तो फक्त दमलेला प्रवासी दिसला. बोलताना हा अडखळतोय हे मित्रालाच कळतं, कारण मित्राला त्याचं रोजचं बोलणं माहीत असतं.

आणि हलकी सॅक करताना उबदार कपडे वगळू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत, १४ तारखेला, त्याच्या उरलेल्या ढगांनी याच अन्नपूर्णा-धौलागिरी भागात हिमवादळ आलं. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांतली कितीतरी थोरांग लाच्या आसपास.

सत्तरीचो भुरगो:
हिमवादळाचं पटत नाही. खिंडीत जेवढा कमी वेळ, तेवढा धोका कमी. पहाटे चारला निघून जो नऊच्या आत पलीकडे उतरतो तो जड सॅकवाल्यापेक्षा सुरक्षित.

उंचावरून परतलेला:
हवा चांगली असेल तर तुझं बरोबर आहे, बाबा. पण बर्फात वाट बुजली की पळता येत नाही, आणि पळणं थांबलं की पातळ जाकिटात माणूस मिनिटांत गारठतो. घाटात चाळीस मिनिटं उभं राहून चोर्लेवाटचा शर्ट गार पडला, तोही गोव्यात.

फोंड्याची ताई:
उंचीचं मान्य. मनांगच्या पुढे मीही पळणार नाही. पण मनांगपर्यंतच्या वाटेवर माझा हट्ट कायम आहे. तिथे गावं आहेत, माणसं आहेत, खालच्या बऱ्याच भागात आता जीपही जाते. तिथे हाकेच्या अंतराची सक्ती कशाला?

सांगेकर:
ताई, गोळा आला तेव्हा माझ्या मित्राच्या खालीही गाव होतं, दिसत होतं. मी नियम बदलणार नाही.

चोर्लेवाट:
सगळं रात्री बाकी चौघांना वाचून दाखवलं. ९०० मीटरचा हिशेब मी केलाच नव्हता, याची लाज वाटली. सातचे नऊ दिवस केले: मनांगला दोन रात्री, मग याक खर्कला (सुमारे ४,०५०) एक. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे, तिथे हंगामात उंचीच्या आजाराची माहिती देतात. पाचही जण ऐकायला बसणार. फिल्टर दोन, औषधांच्या पिशव्या दोन. सॅक सात किलोवर जाईल, जाऊ दे.

मनांगपर्यंत मात्र मी ताईंच्या बाजूने आहे, जोडीजोडीने आपापल्या चालीने. पाचवा कोणाबरोबर, यावर अजून एकमत झालेलं नाही. रविवारी पहाटे पाचला परत चोर्ल्याला जातोय. या वेळी सगळ्यांत मागे मी चालणार आहे.