स्टार रिसीव्हरसाठी ड्राफ्ट पिक्स द्यावेत का? तुमच्या टीमचं काय झालं ते सांगा

मार्च आला की एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) पाहणाऱ्या आपल्या मंडळींत एकच वाद पेटतो: अमक्या रिसीव्हरसाठी, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूसाठी, पहिल्या फेरीचा पिक द्यावा का? मला हवेत ते ज्यांच्या टीमने असा सौदा खरोखर केला त्यांचे अनुभव. त्या दिवशी काय वाटलं आणि दोन-तीन वर्षांनी काय वाटतं, दोन्ही लिहा.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडं. टीम्स 32, ड्राफ्टच्या (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या पद्धतीच्या) फेऱ्या सात, निवडीची एक पाळी म्हणजे पिक, आणि आदल्या मोसमात जो तळाला त्याचा नंबर आधी. 2011 च्या करारापासून नवख्यांचा पगार पिकच्या क्रमांकावरून ठरतो आणि करार चार वर्षांचा असतो. वर सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा, आहेच. म्हणजे पिक दिला की चार वर्षं स्वस्तात खेळणारा माणूस गेला, आणि आलेल्या स्टारला बहुतेक वेळा लगेच मोठा करार द्यावा लागतो. किंमत दोनदा मोजायची. माझं मत असं की क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) अजून नवख्याच्या पगारावर असेल तेव्हाच हे परवडतं.

फिलाडेल्फियाहून
तुमच्या मताला आमची टीम पुरावा आहे. 2022 च्या ड्राफ्टच्या रात्रीच ईगल्सनी 18 वा आणि 101 वा पिक टेनेसीला (नॅशव्हिलच्या टीमला) देऊन ए. जे. ब्राउन हा रिसीव्हर आणला. घरात आम्ही सगळे ओरडलो होतो. आमचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीतला, त्याचा पगार तेव्हा किरकोळ, म्हणून ब्राउनला चार वर्षांचे 10 कोटी डॉलर देता आले. पहिल्याच मोसमात झेलांवर 1,496 यार्ड आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. तो 38-35 असा हरलो, पण फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच कॅन्सस सिटीला 40-22 ने हरवलं. असा सौदा रोज करावा.

नॅशव्हिलहून
वरच्या ताईंचा आनंद वाचला, आता दुसरी बाजू ऐका. त्या 18 व्या पिकवर आम्ही ट्रेलन बर्क्स हा रिसीव्हर घेतला. पोरगा गुणी, पण दुखापतींनी त्याला उभं राहू दिलं नाही, आणि प्रत्येक रविवारी त्याची तुलना ब्राउनशी. डिसेंबर 2022 मध्ये आम्ही फिलाडेल्फियात खेळलो तेव्हा ब्राउनने आमच्यावरच दोन टचडाउन केले. दोनच दिवसांत आमच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली. हातातला सिद्ध झालेला माणूस पगाराच्या वादावरून सोडू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. पिकवर येणारा कसा निघेल हे कोणालाच ठाऊक नसतं.

कॅन्सस सिटीहून
आमचा अनुभव नेमका उलटा. मार्च 2022 मध्ये आमचा रिसीव्हर टायरीक हिल मायामीला गेला, बदल्यात पाच पिक्स आले. माझ्या मुलाने आठवडाभर टीव्हीवर फुटबॉलचं नाव काढू दिलं नाही. मायामीच्या पाचांपैकी दोन, 29 वा आणि 121 वा, यांत आपला 94 वा घालून टीम 21 व्या जागेवर सरकली आणि ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा) घेतला. पुढचे दोन्ही सुपर बोल आम्ही जिंकलो. अर्थात माहोम्ससारखा क्वार्टरबॅक आणि केल्सीसारखा झेलणारा ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच एवढा वेगवान गडी सोडणं झेपतं, हेही मान्य करायला हवं.

मायामीहून
हिलने 2023 मध्ये 1,799 यार्ड केले. तो वेग स्टेडियममध्ये बसून पाहिलाय, त्याची किंमत करता येत नाही. पण त्याच मोसमात प्लेऑफला कॅन्सस सिटीत उणे 20 सेल्सिअसमध्ये 26-7 ने हरलो. आमचा एकुलता टचडाउन हिलचाच. एकटा रिसीव्हर एवढंच करू शकतो.

शिकागोहून
आमची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण अशी चूक अजूनही टीम्स करतात. नोव्हेंबर 2022, मोसम अर्धा झालेला, आम्ही 3-5 (तीन विजय, पाच पराभव). आमच्या क्वार्टरबॅकला, जस्टिन फील्ड्सला, कोणीतरी झेलणारा हवा म्हणून बेअर्सनी आपला दुसऱ्या फेरीचा पिक पिट्सबर्गला देऊन चेस क्लेपूल घेतला. त्यानंतर एकही सामना जिंकलो नाही. मोसम 3-14, लीगमध्ये तळाला, आणि त्यामुळे दिलेला पिक थेट 32 वा ठरला. मायामीचा पहिल्या फेरीचा पिक शिक्षा म्हणून काढून घेतला होता, म्हणून 32 वा म्हणजे दुसऱ्या फेरीतला अगदी पहिला. त्यावर पिट्सबर्गच्या स्टीलर्सनी जोई पोर्टर ज्युनियर हा कॉर्नरबॅक घेतला. क्लेपूलने त्या मोसमात आमच्याकडे 14 झेल घेतले, पुढच्या ऑक्टोबरमध्ये तो निघूनही गेला.

हरणाऱ्या टीमने स्वतःचा पिक देणं किती महाग पडतं ते इथे दिसतं. देताना वाटतं मधला कुठला तरी जाईल, आणि जातो वरचा.

पण तळाला गेल्यामुळेच पहिला पिक आमच्याकडे आला. तो कॅरोलिनाला दिला, बदल्यात पिक्स आणि डी. जे. मूर हा रिसीव्हर घेतला. 2023 मध्ये मूरचे 1,364 यार्ड, आणि कॅरोलिनाच्या पुढच्या वर्षीच्या पिकवर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. तेव्हा रिसीव्हर आणायचाच तर असा आणा, की पिक आपण द्यायचा एक आणि परत यावेत चार.

बफेलोहून
2020 मध्ये मिनेसोटाहून रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला, त्याच वर्षी 1,535 यार्ड करून लीगमध्ये पहिला, आणि आमचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन खऱ्या अर्थाने फुलला. मिनेसोटाने बदल्यात मिळालेल्या आमच्या 22 व्या पिकवर जस्टिन जेफरसन हा रिसीव्हर घेतला. दोघांचं भलं झालेला सौदा मला हा एकच आठवतो. शेवट मात्र जड गेला: 2024 मध्ये डिग्जला ह्यूस्टनला दिलं तेव्हा त्याच्या नावावर सुमारे 3.1 कोटी डॉलर आमच्या कॅपवर उरले, म्हणजे माणूस गेला तरी रक्कम आमच्याच मर्यादेत मोजली गेली. तोवर ॲलनचा पगारही मोठा झाला होता. धागाकर्त्यांचं गणित इथे तंतोतंत बसतं.

लॉस एंजेलिसहून
कूपर कप 69 वा पिक, पुका नाकुआ 177 वा. नाकुआचे पहिल्याच मोसमात 1,486 यार्ड. रिसीव्हर खालच्या फेऱ्यांत मिळतात, शोधणारी माणसं हवीत.

धागाकर्ता
शिकागोकर, स्वतःच्या पिकचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, तो आता धरून चालतो. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. 2019 मध्ये तिथल्या जायंट्सनी ओडेल बेकहॅम हा रिसीव्हर क्लीव्हलँडला दिला आणि मिळालेल्या 17 व्या पिकवर डेक्स्टर लॉरेन्स हा बचावपटू घेतला. त्या दिवशी तिथे काय वातावरण होतं, आणि लॉरेन्सला खेळताना पाहून मत कधी बदललं, हे तिथल्या कोणीतरी लिहावं.