कुत्रा शेपटीजवळचे केस कुरतडतोय, कातडी उघडी पडलीय. मदत हवी आहे

आमचा बोका (नाव बोका, पण कुत्राच आहे) कमरेच्या मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची आतली बाजू सतत चावतो. तिथले केस तुटून चट्टे पडलेत, कातडी लाल झालीय, एक चट्टा तर ओला आणि चिकट आहे. कान आणि पंजे स्वच्छ आहेत. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने खाज थांबते, असर उतरला की पुन्हा सुरू. केस बाजूला करून पाहिलं, पिसवा दिसत नाहीत. सगळे म्हणतात खाणं बदला. मला ते पटत नाही, पण मग आधी कुठली तपासणी करायला सांगू? आणि ओल्या चट्ट्याला काय लावू? काहीही लावलं तरी तो चाटून टाकतो. घरात मांजरही आहे.

प्रतिसाद:
जागा बघता माझा पहिला संशय पिसवांवरच. त्या दिसत नाहीत याला फारसा अर्थ नाही. अ‍ॅलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात, आणि कुत्रा चावता चावता पिसवा गिळूनही टाकतो. बारीक दातांच्या फणीने विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

तशी निघाली तर नुसत्या कुत्र्यावर औषध करून भागत नाही. अंडी अंथरुणात आणि फटीत पडतात, कोशातली पिसू कित्येक आठवडे दबून राहते. म्हणून घरातल्या सगळ्या प्राण्यांना औषध, अंथरूण गरम पाण्यात, आणि हे निदान तीन महिने. मांजराला कुत्र्याचं औषध अजिबात नको, कुत्र्यांच्या काही औषधांत असलेलं पर्मेथ्रिन तिच्या जिवावर बेततं. कुत्र्याला फिट येत असतील तर पिसवांची गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

डॉक्टरांकडे कातडी खरवडून लूत तपासायला सांगा, शिवाय चट्ट्यावरचा नमुना जंतू आणि यीस्टसाठी. पुढचं इंजेक्शन त्यानंतर. खाण्याची चाचणी सगळ्यात शेवटी, कारण ती आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं देऊन करावी लागते, मध्ये एक बिस्किटही चालत नाही.

ओल्या चट्ट्याभोवतीचे केस कापा, कुत्र्यांसाठीच्या क्लोरहेक्सिडीनने (जंतुनाशक) पुसा, चाटू नये म्हणून गळ्यात कोन (शंकूसारखी कॉलर) घाला. माणसांची मलमं नकोत. झिंक ऑक्साइड चाटलं तर विषबाधा होते. चट्टा पसरला किंवा पू आला तर वाट बघू नका.

धागाकर्ता:
कागदावर डाग आले! मांजरीसाठी वेगळं औषध विचारतो. कोन घातल्यावर हा भिंतींना धडकत फिरतोय, मऊ कॉलर चालेल का?

प्रतिसाद:
शेपटीपर्यंत तोंड पोचत नसेल तर चालेल. बहुतेक मऊ कॉलरमध्ये पोचतं, घालून बघा.